दादा म्हणजे मोठी बहीण

आमच्या घरात मी मोठी आणि वसंता माझ्याहून दोन वर्षांनी धाकटा, ही गोष्ट फक्त शाळेच्या दाखल्यावर खरी होती. घरात तो दादा होता आणि मी बेबी. दाखल्यावर माझं नाव शकुंतला आहे, पण त्या नावानं मला मास्तरांशिवाय कोणी हाक मारल्याचं आठवत नाही. आज सत्तरी जवळ आली, गुडघे बोलू लागले, तरी नालवाडीत गेले की म्हाताऱ्या बायका ओट्यावरून विचारतात, "बेबी, कवा आली वं?" वसंता झाला तेव्हा मायनं ठरवून टाकलं की पुढं जी लेकरं होतील त्यांना वळण लागावं म्हणून याला आतापासूनच दादा म्हणायचं. पुढं लेकरं झालीच नाहीत. त्याला दादा म्हणायला कोणी धाकटं आलं नाही, म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं. दोन वर्षांनी मोठी असून मी त्याला दादा म्हणत मोठी झाले. हे मला कोणत्या वयापासून टोचू लागलं ते सांगता येत नाही. टोचत नव्हतं असा काळ मात्र आठवत नाही.

नालवाडीच्या टोकाला आमची भाजीपाल्याची बाडी होती. विहिरीवर डिझेलचं इंजिन होतं. बाबा पहाटे ते सुरू करत आणि त्याची धडधड ऐकतच आम्ही डोळे उघडत असू. मग अंगणात ओल्या पोत्यावर मेथी, पालक, चवळी येऊन पडायची आणि माय अन् मी जुड्या बांधायला बसायचो. मेथीची जुडी बांधताना मुळं एका रेषेत यावी लागतात, नाहीतर बाजारात जुडी गबाळी दिसते आणि गिऱ्हाईक दुसरीकडं वळतं. माझ्या जुड्या मायपेक्षा चांगल्या व्हायच्या, पण कौतुक व्हायचं ते दादानं बैलाला पाणी पाजलं त्याचं. चुलीवर माय ज्वारीच्या भाकरी टाकायची. तव्यावरून उतरलेली पहिली टम्म फुगलेली भाकर, तिच्यावर हिरव्या मिरचीचा ठेचा आणि तेलाची धार, ही दादाची. माझ्या वाट्याला येणारी तिसरी की चौथी भाकरही चांगलीच असायची, अगदी तशीच. पण ती पहिली नसायची. मी कितीदा मनाशी म्हटलं असेल की भाकर ती भाकर, पोटात गेल्यावर पहिली कोणती अन् चौथी कोणती. मन काही ऐकायचं नाही.

सगळ्यात जास्त जळायचे मी ते टोपलीवरून. हिवाळ्यात वांग्याचा पहिला तोडा झाला की त्यातली निवडक काटेरी वांगी एका टोपलीत भरून केळझरच्या गणपतीला न्यायची, ही आमच्या घरची रीत. आजोबांपासून चालत आलेली. एस.टी.नं केळझरला जायचं, पायथ्यापासून टोपली डोक्यावर घेऊन पायऱ्या चढायच्या, देवापुढं ठेवायची, आणि मग खाली झाडाखाली गोवऱ्या पेटवून कणकेचे रोडगे भाजायचे आणि त्याच वांग्यांची भाजी करून खायची. टोपली कोणी न्यायची, तर घरातल्या मोठ्या लेकरानं. बाबा लहान असताना बाबांनी नेली. वसंता चालायला लागला त्या वर्षापासून ती वसंताची झाली. त्याला उचलता येत नव्हती तोवर बाबा स्वतःच्या डोक्यावर घेत आणि त्याचा चिमुकला हात टोपलीच्या काठाला लावून ठेवत. मी पाच-सहा वर्षांची, चांगली दणकट झाले तरी तेच. मी काय करायची? चपला सांभाळायची. सगळे वर गेले की चपलांच्या ढिगाजवळ बसून मी माकडांना खडे मारायची.

माझ्या आठवीच्या वर्षी नीमा आली. आमच्या गावाजवळच्या एका संस्थेत तेव्हा लांबलांबून लोक खेड्यातली कामं शिकायला येत. कोणी साबण शिके, कोणी सूत. नीमा आफ्रिकेतून आली होती, भाजीपाला शिकायला. संस्थेचं काम पाहणाऱ्या, सगळे ज्यांना भाऊजी म्हणत त्या गृहस्थांनी बाबांना गळ घातली की पोरीला एक हिवाळा तुमच्या बाडीत ठेवा, हातानं काम करील तेव्हाच शिकेल. अवजारांची खोली रिकामी करून, शेणानं सारवून आम्ही तिला दिली. वीस-बावीस वर्षांची असेल. उंच, काळी, चालताना पाठ अशी ताठ की बाजारातल्या बाया हातातलं काम ठेवून बघत राहायच्या. कमरेला रंगीत कापड गुंडाळलेलं. संस्थेत राहून ती मोडकंतोडकं हिंदी शिकली होती, आणि आमचं हिंदी तर आधीपासूनच मोडकंतोडकं, त्यामुळं दोघांचं बरं जमलं.

पहिल्याच दिवशी गंमत झाली. मायनं आतून हाक मारली, "बेबी, पाहुणीले पाणी दे!" आणि नीमा लगबगीनं उठून, पदर सावरावा तसं कापड सावरून, दाराकडं तोंड करून आदबीनं उभी राहिली. दारातून मी आले, दोन वेण्या, हातात तांब्या. ती माझ्या मागं पाहू लागली, अजून कोणी येतंय का म्हणून. पाणी पिऊन होत नाही तोच बाबांनी हाक दिली, "दादा, बैल सोड रे!" आणि आला वसंता, खाकी चड्डीत, नाक पुसत. त्याला पाहून मात्र तिनं तोंडावर हात घेतला आणि खांदे हलवत हसत सुटली. काऊन हसली, कोणालाच कळेना. मायला वाटलं, पोराच्या नाकाला हसली. तिनं वसंताला धरून त्याचं तोंड धुतलं.

मला कळलं दोन दिवसांनी, जुड्या बांधताना. मुळं रेषेत कशी धरायची ते मी तिला शिकवत होते. ती म्हणाली, "हमारे यहाँ बीबी मतलब नानी, दादी. तुम्हारी माँ बोली बेबी, तो मैं सोची, बुढ़िया आएगी." मी हसले. मग तिनं इकडंतिकडं पाहून विचारलं, "और वो लड़का, उसको तुम लोग दादा क्यों बोलते?" मी सांगितलं, दादा म्हणजे बडा भाई. ती म्हणाली, "वो बड़ा है?" मी म्हटलं, नाही, बडी मैं. "तो फिर दादा तुम हो," ती अगदी सहज म्हणाली. "हमारी भाषा में दादा मतलब बड़ी बहन."

माझ्या हातातली जुडी सुटून मेथी मांडीवर सांडली, हे मला पक्कं आठवतं. मी तिला तीनदा विचारलं. दादा म्हणजे बहीण? मोठी बहीण? मुलगी? तिनं तीनदा हो म्हटलं. मग भावाला काय म्हणता? तर काका. आमचे काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, शेजारीच राहायचे, तपकीर ओढायचे. तिच्याकडं काका म्हणजे भाऊ. धाकट्यासाठी वेगळा शब्द होता म्हणे, पण ती कोणत्याही पोराला मानानं काकाच म्हणायची. आणि मामा म्हणजे आई! पुढं आमचा मिशाळ मामा पवनारहून आला आणि आम्ही "मामा आले, मामा आले" करत धावलो, तेव्हा तिची पुन्हा जी हसून पुरेवाट झाली ती फक्त मला समजली.

नंतर शिक्षिका झाल्यावर मी या शब्दाच्या मागं बरीच लागले. भाषा शिकवणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांना विचारलं. ते म्हणाले, तिची भाषा आणि आपली भाषा यांचं काडीचं नातं नाही, कुळच वेगळं. आपल्याकडं दादा भाऊ, हिंदीत दादा आजोबा, शहरात गुंडालाही दादा. पण त्यांच्या मते मुळात शब्द कोणाचाच नसावा. तान्हं लेकरू कुठल्याही देशात तोंड उघडून दा-दा, मा-मा, बा-बा करतं. त्याला काही म्हणायचं नसतं. समोर जो असतो तो म्हणतो, मलाच म्हणालं. कुठं भावानं ते आपल्याकडं ओढून घेतलं, कुठं बहिणीनं. हे त्यांचं म्हणणं खरं की खोटं मला ठाऊक नाही, पण मला एकदम पटलं. आमच्या घरात तेच चाललं होतं.

मी तो शब्द कोणाला सांगितला नाही. मायला नाही, बाबांना नाही, आणि वसंताला तर मुळीच नाही. सकाळी अंगणात आम्ही दोघीच असलो की नीमा हळूच म्हणायची, "दादा, सुतली दो." आणि मी सुतळी द्यायची. एवढंच. पण त्या दोन अक्षरांवर माझा अख्खा दिवस निघायचा. वसंता आला की ती गप्प व्हायची, कारण मीच तिला तसं बजावलं होतं. त्याला कळलं असतं तर त्यानं तेही घेतलं असतं, याची मला खात्री होती. आजवर काय मागितलं आणि त्याला मिळालं नाही?

तरी तो तिच्याभोवती घुटमळायचाच. ती विहिरीवर उभी राहून दोन बोटं तोंडात घालून शीळ घालायची, ती शीळ तिनं त्याला शिकवली. चार दिवस तो थुंकी उडवत नुसता फुस् फुस् करत होता आणि पाचव्या दिवशी अशी शीळ निघाली की बैल दावं तोडून निघाला. नीमानं टाळ्या वाजवल्या, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. मी पालकाच्या वाफ्यात बसून ते पाहिलं आणि त्या दिवशी तिच्याशी बोलले नाही. संध्याकाळी ती मायच्या चुलीशी बसून ज्वारीच्या पिठाचं तिच्याकडचं काहीतरी घट्ट घोटत होती. माय म्हणाली, "अवं हा तं आपला घाटाच हाय." नीमानं पहिला गोळा माझ्या ताटलीत वाढला. पहिला. मी लगेच बोलू लागले. इतकी स्वस्तात विकली जाणारी मी तेव्हा होते.

मग वांग्याचा पहिला तोडा झाला आणि केळझरला जायचा दिवस आला. आम्ही चौघं आणि नीमा. काकांना ताप होता, ते घरीच राहिले. एस.टी.त नीमा माझ्याजवळ बसली, टोपली तिच्या मांडीवर. पायथ्याशी उतरलो तेव्हा चांगलं ऊन पडलं होतं. मायनं गोवऱ्यांचं पोतं झाडाखाली ठेवलं. वसंता हातपंपावर पाणी पीत होता. मी नेहमीप्रमाणे चपला गोळा करायला वाकले. आणि बाबा, पाठ आमच्याकडं, धोतर खोचत खोचत म्हणाले, "चाल दादा, उचल टोपली."

नीमानं कमरेला खोचलेलं एक रंगीत फडकं काढलं, त्याची गोल चुंबळ वळली, ती माझ्या डोक्यावर ठेवली आणि टोपली उचलून तिच्यावर बसवली. सगळं इतक्या शांतपणे, जणू हे असंच व्हायचं असतं. माझ्या हातात चपला होत्या, त्या मी टाकल्या आणि टोपली धरली. बाबा वळले. म्हणाले, "अवं नाई, नीमाबाई! तिले नाई. दादाले, दादाले!" नीमा हसून म्हणाली, "हाँ. दादा." आणि माझ्याकडं बोट दाखवलं. बाबांनी मायकडं पाहिलं. "हिले समजत नाई काय म्हणून राह्यलो ते." तेवढ्यात वसंता ओल्या तोंडानं धावत आला. "ती माही टोपली हाय! बाबा, बेबीनं घेतली! काऊन घेतली तिनं?"

एका वाक्यात सगळं सांगता आलं असतं. तिथं तो शब्द ठाऊक असलेल्या आम्ही दोघीच होतो आणि त्यातली एक मी. मी म्हटलं असतं की बाबा, तिच्या भाषेत असं असं आहे, तर बाबा हसले असते, टोपली उतरवली असती, प्रकरण संपलं असतं. मी तोंड घट्ट मिटून उभी राहिले. माय म्हणाली, "राहू द्या आता. देवाच्या दारात एकदा डोक्यावर गेलेली टोपली खाली ठेवू नाई. पाहुणीच्या हातून झालं, देवाले चालन." बाबांनी मान हलवली. आणि मी चढू लागले.

डोक्यावर ओझं असलं की माणसाला मागं पाहता येत नाही. मला फक्त पायऱ्या दिसत होत्या आणि मागून अनवाणी पावलं ऐकू येत होती, अगदी जवळ. वसंताची. मला वाटलं, हा आता टोपली ओढणार. नाहीतर मला ढकलणार. मी पाय उचलले, तर त्यानंही उचलले. एका पायरीवर माझा तोल गेला, दोन वांगी घरंगळून खाली गेली, मी कशीबशी सावरले आणि मनात म्हटलं, ओढ, ओढून बघ, आज मी सोडत नाही. वर देवापुढं टोपली टेकवली तेव्हा मी इतकी आनंदात होते की देवाला नमस्कार करायचा राहून गेला.

खाली रोडगे झाले, तूप घातलं, वांग्याची भाजी तर अशी झाली होती की नीमानं पानही चाटलं. वसंता जेवला नाही. माय त्याच्यापुढं पान घेऊन बसली, तो झाडाकडं तोंड करून. मला एवढंच म्हणाला, "तूच शिकवलं तिले." मी म्हटलं, "मी काई नाई शिकवलं." ते खरंच होतं. आयुष्यात मी इतकं खरं आणि इतकं लबाड एकाच वेळी क्वचित बोलले असेन.

संक्रांतीनंतर नीमा गेली. आमच्या वांग्यांच्या बिया तिनं कागदाच्या पुडीत बांधून नेल्या आणि ती चुंबळ माझ्याकडं राहिली. जाताना माझे दोन्ही हात धरून म्हणाली, "दादा, चिट्ठी लिखूँगी. पक्का." मी वाट पाहायला लागले. पोष्टमन काका सायकलवरून आमच्या फाटकावरून जायचे, मी शाळेतून आले की पहिलं विचारायचे, माझं काही आलं? काही नसायचं. होळी गेली, उन्हाळा गेला. मग मी ठरवलं की ती खोटारडी होती, तिला आमच्यापैकी कोणाचंच काही नव्हतं, आणि टोपलीचं तिनं काही मुद्दाम केलं नव्हतं, तो भाषेचा घोळ होता. त्या चुंबळीचं कापड मी कंदिलाची काच पुसायला घेतलं. पुसून पुसून त्याचा रंग गेला. आज ते असतं तर, असं पुष्कळदा मनात येतं.

त्याच उन्हाळ्यात वसंताच्या डोक्यावर परिणाम झाला की काय असं आम्हाला वाटलं होतं. एक तर तो सकाळी उठून आपणहून जुड्या बांधायला बसू लागला. वेड्यावाकड्या बांधायचा, मुळं एक आत एक बाहेर, पण हटायचा नाही. माय त्याच्यावरून ओवाळून टाकायची तेवढी बाकी होती, आणि मी जळून खाक, कारण माझी ती एकच जागा उरली होती. आणि दुसरं म्हणजे, एकदा सगळे जेवायला बसलो असताना तो काकांसमोर जाऊन उभा राहिला आणि तोंड फुगवून म्हणाला, "काका, टोपलीचा राग नका धरू." काका घास हातात घेऊन बघतच राहिले. "कोणती टोपली बे?" तो म्हणाला, "केळझरची." काका म्हणाले, "मी तं आलोच नव्हतो." तर वसंता रडकुंडीला येऊन म्हणाला, "तेच तं!" आणि उठून गेला. कितीतरी वर्षं आमच्याकडं कोणी काही अवांतर बोललं की काका म्हणायचे, "तेच तं!" आणि सगळे हसायचे.

त्यानंतर आयुष्य ज्याच्या त्याच्या वाटेनं गेलं. मी भांडून भांडून शिकले, देवळीला शाळेत लागले, तिथंच संसार केला. वसंता मॅट्रिक होऊन बाडीत राहिला. माय-बाबा गेले, काका गेले. आम्ही दोघं भाऊबीजेला भेटतो, फोनवर बोलतो. मी त्याला अजून दादा म्हणते. तो मला बेबी म्हणतो. त्याची सून मला बेबीआत्या म्हणते.

गेल्या महिन्यात त्याच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदू. सून नोकरीला जाते, म्हणून दिवसभर डोळ्यात थेंब घालायला मी आठवडाभर नालवाडीला राहिले. काळा चष्मा लावून तो खाटेवर पडून असायचा, वाचायचं नाही, टीव्ही पाहायचा नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी कंटाळून म्हणाला, "बेबी, त्या ट्रंकेत खाली एक पत्र हाय. जरा वाचून दाखव. मले सारं पाठ हाय, पण मधातलं थोडं इसरून राह्यलो."

ट्रंकेच्या तळाशी, सात-बाराच्या उताऱ्यांखाली, प्लास्टिकच्या पिशवीत एक निळं पातळ पाकीट होतं. घड्यांवर कागद फाटायला आलेला. वर परदेशी तिकीट, आणि इंग्रजीत पत्ता: दादा, मग बाबांचं नाव, नालवाडी, वर्धा.

"कोणाचं हे?" मी विचारलं. 

"नीमाबाईचं," तो म्हणाला. "मले लेहलं होतं तिनं. पोष्टमन म्हणे, दादा, तुह्यं पत्र आलं, फॉरेनचं. मी कोणाले सांगतलं नाई. तुले तं मुद्दामच नाई सांगतलं. तू घेतलं असतं. इंग्रजीच्या सरकडून दोनदा वाचून घेतलं, आन् लपून ठेवलं." काळ्या चष्म्याखाली तो हसला. "तुले टोपली देल्ली तिनं, पण पत्र मले लेहलं."

मी वाचायला लागले. प्रिय दादा, मी घरी पोचले. तुमच्या बिया घरामागं लावल्या, सगळ्या उगवल्या. आई म्हणते, एवढी काटेरी वांगी कशाला आणलीस. मी भरीत करून खाऊ घातलं, मिरची जास्त झाली, सगळे रडले. भाजीची जुडी बांधते तेव्हा तुझी आठवण येते. मुळं रेषेत धरते. शाळा सोडू नकोस, कोणी काही म्हटलं तरी.

इंग्रजीत समोरच्याला बोलताना तो आहे की ती, काही कळत नाही. सरांना तरी कुठून कळणार? त्यांनी जे लिहिलं ते वाचलं, दादाचं पत्र दादाला दिलं. "शाळा सोडू नको म्हणे," वसंता म्हणाला, "म्हून तं मॅट्रिक केली. नाईतर आठवीतच बसलो असतो. आन् जुड्या. मी कई बांधल्या होत्या तिच्यासंगं, मलेच आठवे ना. पण तिले आठवते तं असन, म्हणलं." मी शाळेसाठी त्या घरात दोन दिवस उपाशी राहिले होते. त्या दोन दिवसांत हे वाक्य त्याच्या ट्रंकेत होतं. माझं वाक्य. मला भयंकर राग आला. तो कागद मला त्याच्या अंगावर फेकायचा होता. दादा मी आहे, म्हणून ओरडायचं होतं, पन्नास वर्षांचं एकदम. पण शेवटच्या ओळी राहिल्या होत्या, त्या मी वाचल्या.

काकाला सांग, टोपलीचा राग धरू नकोस. पायऱ्या चढताना तो सगळा वेळ मागून दोन्ही हात पुढं धरून चालत होता, पडलं तर झेलायला. मी पाहिलं.

खाटेवरून वसंता म्हणाला, "हे पाह्य, इथंच तिचं चुकलं. हात मी धरले होते. तू धडपडून राह्यली होती, दोन वांगे पडले, आन् मी म्हणलं आता ही पडते. काका तं तापानं घरी होता! केलं म्या, आन् नाव काकाचं. म्या काकाले निरोप देल्ला बरोबर, सांगतलं म्हून. पण तवाचं डोक्यातून गेलं नाई. तिनं मले पाह्यलंच नाई."

अकरा वर्षांच्या पोराला आपल्या ताप आलेल्या काकाचा हेवा वाटत होता, आणि तो त्यानं आजतागायत जपला होता. मी पायरीवर मागची पावलं ऐकत होते आणि म्हणत होते, ओढून बघ. मी तेव्हा पायथ्याशी एक शब्द बोलले असते, तर पत्र माझ्याकडं आलं असतं आणि या ओळी त्याच्याकडं गेल्या असत्या. आता बोलले तर त्याला ओळी मिळतील, पण पत्र जाईल. मी त्या ओळींवरून पुन्हा पुन्हा बोट फिरवलं. न बोलण्याची सवय मला जुनीच आहे.

"दादा," मी शेवटी म्हटलं, "तिच्या भाषेत काका म्हणजे भाऊ. तिनं पाह्यलं होतं. तूच हायेस तो."

तो उठून बसला. चष्मा सावरला. "मी?"

"तू."

कितीतरी वेळ त्याचा चेहरा उजळलेला होता, मी तो पाहून घेतला. मग तो हळूहळू विचार करू लागला. वसंता काही मंद नाही, नुसता सावकाश आहे. "काका मी," तो म्हणाला. "मंग दादा कोण?"

उत्तर त्याचं त्यालाच सापडलं. त्यानं खाटेवर हात चाचपत पाकीट शोधलं, कागद माझ्या हातातून घेतला, जुन्या घडीवर घडी घातली, पाकिटात सरकवला आणि माझ्याकडं धरला. "मंग मले तिनं पत्र लेहलंच नाई," तो म्हणाला. "ने तुह्यं."

मी नेलं. नको म्हणायला हवं होतं, मोठी बहीण म्हणून, पण मी नेलं. देवळीला आल्यावर ते मी चार वेळा वाचलं. पाचव्या वेळी माझं लक्ष वाचण्यात राहिलं नाही. पत्र माझं आहे, पण कागद त्याच्या बोटांनी मऊ झालेला आहे, घड्यांवरचे डाग त्याच्या हातचे आहेत, आणि मला त्या डागांचाही हेवा वाटतो. या वयात. काय करावं या मनाला!

परवा सकाळी फोन आला. चष्मा निघाला म्हणाला, चांगलं दिसतं, बाडीतली वांगी लांबून मोजता येतात. मी म्हटलं, छान. 

"बेबी," तो म्हणाला, "रविवारी येजो. आन् येतानी ते पत्र आणजो. पत्र तुह्यं असन, पण शेवटच्या ओळी माह्या हाय."